आठ महिन्यांत तीन मृत्यू : 'जेन आयर'च्या लेखिकेच्या घरात नेमकं काय घडलं होतं?

'जेन आयर' लिहिणारी शार्लट ब्राँटी ही इंग्लंडमधल्या हॉवर्थ गावच्या पाद्र्याची मुलगी. आई आणि दोन मोठ्या बहिणी तिच्या लहानपणीच गेल्या होत्या. शार्लट, एमिली आणि अ‍ॅन या तिघी बहिणी टोपणनावानं लिहायच्या. जुलै १८४८ मध्ये शार्लट आणि अ‍ॅन थेट लंडनला प्रकाशकाकडे गेल्या. या पुस्तकांमागे एकच लेखक नाही, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं.

पण हा आनंद टिकला नाही.

२४ सप्टेंबरला एकुलता एक भाऊ ब्रॅनवेल गेला. १९ डिसेंबरला क्षयानं एमिली गेली. तिनं जवळजवळ शेवटपर्यंत डॉक्टरला जवळ येऊ दिलं नव्हतं. मग अ‍ॅनलाही क्षय झाला. समुद्राच्या हवेनं बरं वाटेल म्हणून शार्लट तिला स्कारबरोला घेऊन गेली. तिथेच २८ मे १८४९ रोजी अ‍ॅननं प्राण सोडला. वडिलांना आणखी एका लेकराचा अंत्यविधी पाहावा लागू नये, म्हणून शार्लटनं तिला तिथेच दफन केलं.

घरी आता फक्त बाप-लेक उरले. शार्लटनं अर्धवट राहिलेली 'शर्ली' पूर्ण केली. ती ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाली.

आणि वडील पॅट्रिक? त्याच वर्षी त्यांनी गावकऱ्यांसह स्वच्छ पाण्यासाठी सरकारकडे अर्ज केला. १८५० च्या पाहणीत कळलं, हॉवर्थमध्ये मृत्यूचं सरासरी वय होतं जेमतेम २६ वर्षं.