दार लावून बसलेला छायाचित्रकार

नशिराबादच्या जुन्या माडीच्या घरांतून फिरताना ओसरीच्या भिंतीवरील तसबिरींकडे पाहिले, म्हणजे एका काळाची रीत ध्यानात येते. देवादिकांच्या रांगेत जागा मिळे ती घरातील कर्त्या पुरुषाला, आणि तीही बहुधा तो गेल्यानंतर. बायकांचा फोटो निघालाच तर लग्नाच्या निमित्ताने. सालदार, मोलकरीण, दारावर येणारा फकीर यांना कॅमेऱ्यासमोर कोण उभे करणार? अशी हजारो माणसे एकही छायाचित्र मागे न ठेवता निघून गेली, आणि दोन पिढ्यांत त्यांचे चेहरे नातवंडांच्याही स्मरणातून पुसले गेले.

याच खानदेशात, चाळीसगावच्या रेल्वे स्थानकाजवळच्या एका घरात, असल्या उपेक्षित चेहऱ्यांकडे राजेरजवाड्यांच्या वाट्याला यावे तेवढ्या आस्थेने पाहणारा एक कलावंत सुमारे अर्धशतक राहत होता. कैखुस्रो माणेकजी मूस हे त्यांचे पूर्ण नाव. महाराष्ट्र त्यांना केकी मूस म्हणून ओळखतो. २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. चाळीसगावी कुटुंबाचा व्यवसाय होता, त्यामुळे या गावाशी संबंध आला. मुंबईच्या विल्सन कॉलेजातील शिक्षणानंतर ते इंग्लंडला गेले. तेथे त्यांनी वाणिज्य-कलेची पदविका मिळविली आणि छायाचित्रणाचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतले. १९३८ च्या सुमारास ते परतले. मुंबईत त्यांना व्यवसाय, पैसा आणि प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी सहज लाभल्या असत्या. त्यांनी चाळीसगावचे घर निवडले आणि अगदी अपवादाचे प्रसंग वगळता पुढे त्या घराचा उंबरठा ओलांडला नाही.

या एकांतवासाची जी कथा सांगितली जाते, ती वाचकांना ठाऊक असेलच. मुंबईच्या एका तरुणीने पंजाब मेलने चाळीसगावी येऊन आपल्यासोबत भोजन करण्याचे वचन दिले होते, आणि ती गाडी येण्याच्या वेळी मूस दार उघडून तिची वाट पाहत, अशी ती कथा. योगायोग असा, की पंजाब मेलही धावू लागली ती मूस यांच्या जन्मवर्षी, १९१२ मध्येच. चाळीसगाव सोडल्यावर ती जळगाव गाठते आणि पुढे नशिराबादजवळच्या भादली स्थानकावरून भुसावळकडे जाते; तेव्हा या पट्ट्यातील लोकांना ही कथा आपल्या रुळांवरचीच वाटावी, हे स्वाभाविक आहे. परंतु या कथेने मूस यांचे एक मोठे नुकसान केले आहे, असे आमचे मत आहे. प्रेमभंगाने झुरणारा एक विक्षिप्त पारशी एवढीच त्यांची ओळख लोकांच्या मनात रुजली, आणि त्या बंद दारामागे किती काटेकोर, किती कष्टाचे काम चालले होते, ते पाहण्याची निकड कोणाला वाटली नाही.

वस्तुतः ते काम थक्क करणारे होते. टेबलावर रचना करून छायाचित्र घेण्याच्या प्रकारात मूस यांचा हातखंडा होता. काटक्या, कापूस, पीठ, कागद अशा घरात सापडणाऱ्या किरकोळ वस्तूंतून ते डोंगर, झाडे आणि बर्फाच्छादित वाटा उभ्या करीत. यातील मेख अशी, की चौकटीत ओळखीच्या आकाराची एकही वस्तू नसली, म्हणजे पाहणाऱ्याला मापाचा अंदाज येत नाही. मग प्रकाश एका बाजूने, नेमक्या उंचीवरून सोडला आणि भिंगाचे छिद्र लहान ठेवून जवळचे व दूरचे सारखेच स्पष्ट केले, की वीतभर काटकीचा वृक्ष होतो. उन्हाळ्यात अंग भाजून काढणाऱ्या या मुलखात बसून या गृहस्थांनी हिवाळी प्रदेश निर्माण केले! ते टपालाने देशोदेशींच्या प्रदर्शनांना जात, आणि पारितोषिकेही टपालानेच येत. अशा पारितोषिकांची संख्या सुमारे ३०० सांगितली जाते. जगाने त्यांचे काम पाहिले. ते स्वतः मात्र जगाच्या दृष्टीस पडले नाहीत.

तथापि आम्हांस अधिक मोलाची वाटतात ती त्यांनी टिपलेली माणसे. आपल्या घराला त्यांनी रेम्ब्राँ या डच चित्रकाराचे नाव दिले होते, ते उगाच नव्हे. १६०६ ते १६६९ या काळात होऊन गेलेल्या या चित्रकाराने धनिकांची चित्रे रंगविली, तशीच भिकाऱ्यांची आणि थकल्या म्हाताऱ्यांचीही चित्रे काढली. काळोखातून अर्धाच चेहरा उजळवणारा त्याचा प्रकाश प्रसिद्ध आहे. मूस यांनी तो प्रकाश चाळीसगावच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यांवर टाकला. त्या चित्रांत दयेचा ओलावा नाही, दारिद्र्याचे प्रदर्शनही नाही. कोणीतरी आपल्याकडे नीट पाहत आहे, हे समजलेल्या माणसाचा ताठपणा आहे. मात्र रेम्ब्राँने स्वतःच्या मुखाची डझनावारी चित्रे काढली, तर त्याच्या या भक्ताने स्वतःला लोकांपासून दूर ठेवले. हा विरोध उलगडण्याचा आव आम्ही आणणार नाही. एवढेच दिसते, की सदैव पाहिले जाण्याच्या जाचातून जो सुटला, त्याला दुसऱ्याकडे पाहायला भरपूर वेळ मिळाला. आज खिशातल्या फोनवर दिवसाला दहा वेळा स्वतःची छबी टिपणाऱ्या पिढीला हा हिशेब कदाचित पटणार नाही.

३१ डिसेंबर १९८९ रोजी मूस यांचे निधन झाले. त्यांचे घर कलादालन म्हणून जपले गेले आहे. शिल्पे, चित्रे, लाकडावरील कोरीवकाम, कागदाच्या घड्यांतील आकृती असा मोठा पसारा तेथे आहे. मूस सतारही वाजवीत. जिल्ह्यातील शाळांच्या सहली पाटणादेवीला जातात, तेव्हा त्या चाळीसगावातूनच जातात. त्यांच्या बसगाड्या स्थानकाजवळच्या या घराशी तासभर थांबवणे अवघड नाही. आणखीही एक काम आहे, आणि ते फार काळ लांबणीवर टाकता येणार नाही. मूस यांच्या छायाचित्रांतील माणसे कोण होती, कोणत्या गल्लीत राहत, काय करीत, हे सांगू शकणारे वृद्ध तालुक्यात अद्याप सापडू शकतील. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी त्या चित्रांच्या प्रती हाती घेऊन घरोघर हिंडावे, एकेक चेहरा दाखवावा आणि त्याखाली नाव लिहून घ्यावे.