मॅगझीनमधले दुसरे मॅगझीन

‘मॅगझीन’ हा शब्द मूळ अरबी ‘मखजन’वरून आला. मखजन म्हणजे कोठार. आपल्या हातातलं हे मॅगझीन म्हणजे लेखांचं कोठार आणि पिस्तुलाच्या मुठीत बसतं ते गोळ्यांचं. या पहिल्या मॅगझीनमध्ये दुसऱ्या मॅगझीनविषयी कुणी लिहिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. लिहायचं तर जॉन मोझेस ब्राउनिंग या माणसाच्या आयुष्यातूनच लिहावं लागेल. डिग्री नाही, डिप्लोमा नाही, शाळासुद्धा पंधराव्या वर्षाच्या आसपास सुटलेली. तरीही नावावर १२८ पेटंट. (इंटर्नल मार्कांचं टेन्शन असलेल्यांनी हे वाक्य कापून खोलीत लावायला हरकत नाही.)

ब्राउनिंगचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा, अमेरिकेतल्या युटा प्रांतातल्या ऑग्डेन गावचा. वडील जोनाथन बंदुका दुरुस्त करणारे कारागीर, मॉर्मन पंथाचे. तीन बायका आणि बावीस मुलं, म्हणजे घर कसलं, आमच्या हॉस्टेलची एक विंगच! वडिलांच्या दुकानातल्या भंगाराच्या ढिगातून जॉनने पोरवयातच एक चालणारी बंदूक जुळवली होती. मला त्याच्या बालपणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते की, बंदूक कशी बनते हे कळायच्या आधी ती कशी बिघडते हे त्याने पाहिलं. दुकानात येणारी प्रत्येक बंदूक नापास झालेलीच असणार. आपण मात्र चार वर्षं सगळं न बिघडलेलं शिकतो.

१८७९ मध्ये त्याला पहिलं पेटंट मिळालं, एकबारी रायफलचं. भावांना घेऊन त्याने ऑग्डेनमध्ये कारखाना काढला. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीचे बेनेट स्वतः तिथे आले आणि ८,००० डॉलर देऊन त्या रायफलचे हक्क घेऊन गेले. पुढची जवळपास वीस वर्षं तो विंचेस्टरला डिझाईन विकत राहिला. त्यातली कितीतरी कंपनीने कधी बनवलीच नाहीत. ती दुसऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून नुसती कपाटात ठेवली. १९०२ च्या सुमारास त्याने एका शॉटगनसाठी ठोक रकमेऐवजी रॉयल्टी मागितली आणि संबंध तुटले. मग तो रेमिंग्टनकडे गेला, तर त्याच दिवशी तिथल्या अध्यक्षांचा हृदयविकाराने मृत्यू झाला. शेवटी ती बंदूक घेऊन तो बोटीने थेट बेल्जियमला गेला. प्लेसमेंटला दोन कंपन्या हुकल्या की आपण मेसला जाणं सोडतो.

आता मुद्द्याकडे येऊ. १८८९ च्या सुमारास नेमबाजी चालू असताना त्याच्या लक्षात आलं की, गोळी सुटली की नळीच्या तोंडाशी निघणाऱ्या वायूने समोरचं गवत वाकतं. म्हणजे तिथे शक्ती फुकट जाते आहे! ती वापरून बंदूक स्वतःच पुढची गोळी भरू शकेल, हा विचार तिथून सुरू झाला. आधी मशीनगन झाली, मग पिस्तुलं. पिस्तुलात त्याने गवत वाकवणारा वायू सोडून मागे बसणारा धक्का वापरला. धक्क्याने वरचा भाग, म्हणजे स्लाईड, मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि पुढे येताना मॅगझीनमधलं वरचं काडतूस ढकलून नळीत बसवतो. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात.

ढोबळमानाने बघितलं तर मॅगझीन म्हणजे पत्र्याचा डबा, आत एक स्प्रिंग, स्प्रिंगवर गोळ्या उचलणारी पट्टी आणि वर आत वळवलेले दोन काठ. या काठांना ओठ म्हणतात. पण स्लाईड मागे जाऊन परत येईपर्यंत स्प्रिंगने पुढची गोळी वर आणलीच पाहिजे. ओठांनी ती बरोबर कोनात धरली पाहिजे आणि बरोबर क्षणी सोडलीही पाहिजे. ओठ किंचित फाकले की दोन गोळ्या एकदम वर येतात, स्प्रिंग मरगळली की गोळी नाक खाली करून अडकते. लोक पिस्तुलाला शिव्या देतात आणि दोष बहुतेक वेळा या डब्याचा असतो.

मुठीत मॅगझीन ठेवायची कल्पना ब्राउनिंगची नाही. बोर्खार्टच्या १८९३ च्या पिस्तुलात ती आधीच होती. पण ब्राउनिंगने ती खिशात मावेल आणि रोज चालेल अशी केली. १८९७ मध्ये बेल्जियममधल्या एर्स्तालच्या एफएन कंपनीशी त्याचा करार झाला आणि तिथून १९०० चं प्रसिद्ध मॉडेल निघालं, मॅगझीनमध्ये सात गोळ्यांचं. त्याचं ७.६५ मिलिमीटरचं काडतूस म्हणजेच आपल्याकडच्या परवानाधारकांचं ‘बत्तीस बोअर’. या काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड आहे. मॅगझीन भरताना वरच्या गोळीची कड खालचीच्या मागे गेली, तर दोन्ही एकमेकींत अडकतात आणि सगळं ठप्प होतं. पुढच्या .४५ च्या काडतुसाला त्याने ही बाहेर आलेली कड ठेवलीच नाही.

ब्राउनिंगचं नाव महाराष्ट्रात पोचलं ते मात्र वेगळ्या वाटेने. १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं आणि काडतुसं चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पाठवली, पेटीच्या चोरतळात लपवून. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे आपल्या मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत शिकलेले. वय साधारण अठरा, म्हणजे आपल्या फर्स्ट इयरच्या पोरांएवढं! त्यांचं पिस्तूल चाललं नाही तर म्हणून कर्वे आणि देशपांडे राखीव होते. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात तिघांनाही फाशी झाली. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते, हेही इथेच लिहिलं पाहिजे. ऑग्डेनच्या त्या कारागिराला नाशिक कुठे आहे हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. पाच वर्षांनी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेलं पिस्तूलही त्याच्याच डिझाईनचं, एफएनमध्येच बनलेलं. त्यातून पहिलं महायुद्ध पेटलं. या सगळ्याचं त्याला काय वाटलं असेल, असा प्रश्न मला हे लिहिताना सारखा पडतो.

मार्च १९११ मध्ये अमेरिकन लष्कराने त्याच्या .४५ पिस्तुलाची परीक्षा घेतली. सलग ६,००० गोळ्या, दर शंभरीला थोडी विश्रांती, दर हजारीला साफसफाई आणि तेल. पिस्तूल एकदाही अडकलं नाही. २९ मार्चला ते लष्करात दाखल झालं. मटेरियल सायन्सवाल्यांनी पुढचं नीट वाचावं. या पिस्तुलाची सुरुवातीची मॅगझीनं दुरंगी असत, खाली काळपट, वर राखाडी. कारण फक्त वरचा भाग उष्णता प्रक्रियेने कडक केलेला असे. ओठ झिजू नयेत आणि बाकीचा पत्रा ठिसूळ होऊ नये म्हणून. त्यांच्या बुडाला एक कडीही असे. घोडेस्वाराच्या हातून मॅगझीन पडलं तरी दोरीला लटकत राहावं म्हणून! सैनिकाला पिस्तुलातल्या मॅगझीनखेरीज कमरेच्या पाकिटात आणखी दोन मिळत.

जादा मॅगझीन घेताना काय बघायचं, याचं उत्तर या दुरंगी डब्यात आहे असं मला वाटतं. आमच्या जळकोटला मोटारीच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गेला की लोक उदगीरहून डुप्लिकेट आणतात. दिसायला सेम, दर निम्मा आणि ऐन हरभऱ्याच्या पाण्याला दगा! तिथे फार तर एक पाळी चुकते. इथे जीव जाऊ शकतो. म्हणून मॅगझीन पिस्तुलाच्या मूळ कारखान्याचंच घ्यावं. ओठांमधलं अंतर मूळ मॅगझीनशी व्हर्नियरने ताडून बघावं. शेवटची गोळी गेल्यावर स्लाईड मागे अडून राहते का हे तपासावं. (सगळ्या पिस्तुलांत ही सोय नसते, तेही आधी बघावं.) प्रत्येकावर नंबर टाकावा. नेहमी तीन नंबरवरच गोळी अडकत असेल तर पिस्तूल उघडण्याआधी तीन नंबर बाजूला काढावं. आपण लॅबमध्ये फॉल्ट शोधताना वेगळं काय करतो? दोन-चार जास्त गोळ्या मावाव्यात म्हणून बुडाला जोडायचे तुकडे मिळतात, त्यांनी स्प्रिंगचं सगळं गणितच बदलतं. पाकीट मात्र जाड आणि ताठ हवं, कारण आपटून वाकतात ते ओठच. आणि आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे भागही ‘शस्त्रा’तच मोडतात. तेव्हा ही खरेदी परवानाधारकाने परवाना असलेल्या दुकानातूनच करायची असते.

पहिल्या महायुद्धात ब्राउनिंगने मशीनगन दिल्या. सरकारकडून त्याने साडेसात लाख डॉलर घेतले. रॉयल्टी लावून धरली असती तर कोटीवर गेली असती. ज्या मुद्द्यावर विंचेस्टर सोडलं, तोच त्याने इथे सोडून दिला.

युद्धानंतर फ्रेंच लष्कराला जास्त गोळ्यांचं पिस्तूल हवं होतं. ब्राउनिंगला एवढ्या गोळ्यांची गरज वाटत नव्हती. एफएनमधल्या द्यूदोने सॅव्ह या तरुण सहकाऱ्याने गोळ्या दोन रांगांत, एकाआड एक बसणारं मॅगझीन केलं. वर येता येता दोन रांगांची एक होते, त्यामुळे ओठांपाशी जुनीच शिस्त. म्हणजे इथे आधी मॅगझीन झालं आणि मग ब्राउनिंगने त्याच्याभोवती पिस्तूल आखलं. फ्रेंचांची आणखी एक अट होती की मॅगझीन काढलं तर गोळी सुटता कामा नये. म्हणून या पिस्तुलात मॅगझीन हा ट्रिगरच्या यंत्रणेचाही भाग झाला.

ते पूर्ण झालेलं बघणं त्याच्या नशिबात नव्हतं. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी एफएनच्या कारखान्यातच, काम करताना, हृदय बंद पडून तो गेला. पेटंट फेब्रुवारी १९२७ मध्ये, मृत्यूनंतर मिळालं. सॅव्हने काम पुरं केलं आणि १९३५ मध्ये तेरा गोळ्यांचं हाय पॉवर पिस्तूल बाजारात आलं. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या इंग्लिस कंपनीने ते बनवलं आणि त्याच नमुन्यावर पुढे आपल्या इशापूर रायफल फॅक्टरीने ‘पिस्टल ऑटो ९ मिमी १ए’ काढलं. गणपती बंदोबस्ताला साहेबांच्या कमरेला दिसतं ते पुष्कळदा हेच. सामान्य परवानाधारकाला मात्र ९ मिमी मिळत नाही, तो प्रतिबंधित बोअर आहे.

एफएनने २०१८ मध्ये हाय पॉवर बंद केलं आणि २०२२ मध्ये त्याच नावाचं नवं पिस्तूल काढलं, सतरा गोळ्यांचं. जुन्या हाय पॉवरचं मॅगझीन त्यात बसत नाही.