रिद्धपूरचे म्हाइंभट

सेमिनारला मी हौसेनं ‘ऑपरॅड’ हा विषय घेतला आणि डोक्याचं दही झालं. त्यातून बाहेर काढलं ते आपल्याच जिल्ह्यातल्या, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरच्या एका लेखकानं. तोही सातशे वर्षांपूर्वीचा!

म्हाइंभट मूळचे सराळ्याचे. घरी पैसा, अंगी पांडित्य आणि त्या पांडित्याचा ताठाही. चक्रधर स्वामींशी वाद घालायला गेले आणि त्यांचेच होऊन बसले. स्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर मागे राहिलेली मंडळी नागदेवाचार्यांसोबत रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत आली. तिथं नागदेव एकांतात बसून स्वामींच्या लीळा आठवत. म्हाइंभटांच्या ध्यानात आलं, की ही माणसं गेली की आठवणीही जाणार. मग त्यांनी पायपीट सुरू केली. ज्यानं पाहिलं त्याच्याच तोंडून ऐकायचं आणि नागदेवांकडून तपासून घ्यायचं. शके १२०० च्या, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं, मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ. गोविंदप्रभू गेल्यावर त्यांचंही चरित्र म्हाइंभटांनीच लिहिलं.

पुढे केसोबासांनी स्वामींची वचनं प्रसंगातून सोडवून ‘सूत्रपाठ’ केला. इथं माझी ट्यूब पेटली! लॉव्हिअर यांनी १९६३ च्या प्रबंधात हेच केलंय की: नियम एकीकडे, ते पाळणारी उदाहरणं दुसरीकडे. हीच ‘बीजीय थिअरी’. पीटर मे यांनी १९७२ मध्ये ज्याला नाव दिलं तो ऑपरॅड जास्त कडक. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक अक्षर एकदाच यायला हवं. अ(बक) = (अब)क चालतं. पण अ ला त्याच्याच व्यस्तानं गुणलं की एक, हा नियम बसत नाही, कारण डावीकडे अ दोनदा आणि उजवीकडे गायब. म्हणून थिअरीत मावणारं सगळंच ऑपरॅडमध्ये मावत नाही.

आता उच्च कॅटेगरी. तिथं कंसांच्या दोन मांडण्या सरळ समान म्हणत नाहीत. एकीवरून दुसरीकडे जायची वाट जपून ठेवतात, मग वाटांमधल्या वाटा.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला खिलजीच्या फौजांच्या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी गेली, असं परंपरा सांगते. एवढ्या वर्षांची मेहनत! शिष्यांनी आठवून ती पुन्हा लिहिली. साहजिकच पाठ वेगवेगळे झाले. हिराइसेचा एक, इतरांचे आणखी. पण कुणी एक पाठ खरा ठरवून बाकीचे पुसले नाहीत. पोथ्यांमध्ये पाठभेद सांगणाऱ्याच्या नावासकट शेजारी शेजारी नांदतात. (तुलना फार ताणू नये, हे कबूल.)

वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये निघालं. सेमिनारला जाताना माझ्या बॅगेत तेच होतं. सरांनी आधी तेच उघडलं, ऑपरॅडची पाळी शेवटच्या पाच मिनिटांत आली.