विश्लेषण : सगळ्या नटांना चालणारा पाना कोणी दिला? आणि त्यावर नाव दुसऱ्याचेच का?

चांगले पाने कोणत्या कंपनीचे, हा प्रश्न गॅरेजमधल्या मेकॅनिकला विचारा किंवा रविवारी घरातला गळका नळ स्वतः दुरुस्त करणाऱ्या मित्राला विचारा. टपारिया, स्टॅनले, गेडोर अशी नावे येतील. पण विषय स्क्रू पान्याचा, म्हणजे जबडा लहान-मोठा करता येणाऱ्या पान्याचा निघाला, तर हत्यारांचे दर्दी बहुतेक वेळा एकच नाव घेतात, ते म्हणजे बाहको. जगभरातल्या स्क्रू पान्यांचा आजचा आकार ज्या पान्यावरून आला, तो हा. मात्र बाहको हे तो घडवणाऱ्याचे नाव नाही. ज्यांनी तो घडवला, त्या योहान पेटर योहान्सन यांचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल.

योहान्सन कोण होते?

योहान्सन यांचा जन्म 12 डिसेंबर 1853 रोजी पश्चिम स्वीडनमधल्या वोरगोर्दा इथे झाला. सहा भावंडांत ते थोरले. घरची शेती अगदी थोडी. ते 14 वर्षांचे असताना, 1867 ते 1869 या काळात, स्वीडनमध्ये मोठा दुष्काळ पडला आणि गावेच्या गावे अमेरिकेच्या बोटीत बसू लागली. पुढच्या काही दशकांत 10 लाखांहून अधिक लोकांनी देश सोडला. योहान्सन मात्र देशातच राहिले. जवळच्या एका कारखान्यात, जिथे जळणासाठी दलदलीतली माती काढून सुकवत, तिथल्या वाफेच्या इंजिनावर मदतनीस हे त्यांचे पहिले काम. 19 व्या वर्षी घर सोडून ते मोताला इथे खोदकामावर मजूर म्हणून गेले. तिथून एस्किलस्टूना शहरातल्या मुंकटेल कंपनीत. स्वीडनमध्ये तयार झालेले पहिले रेल्वे इंजिन याच कंपनीचे, त्यामुळे यंत्रकाम शिकण्यासाठी याहून चांगली जागा त्या काळी देशात क्वचितच असेल. कॉलेज नाही, पदवी नाही. जे शिकले ते लोखंडावर हात काळे करून. 1886 मध्ये, वयाच्या तेहतिशीत, त्यांनी स्टॉकहोमच्या वायव्येला असलेल्या एनशॉपिंग या छोट्या गावात स्वतःचे वर्कशॉप काढले.

अडचण नेमकी काय होती?

आज दुचाकीचा बोल्ट सैल झाला तर आपण 10-11 चा किंवा 12-13 चा पाना मागतो आणि तो बसतो. यामागे प्रमाणीकरण आहे, म्हणजे नट-बोल्टची मापे सर्वांनी एकमताने ठरवलेली आहेत. 1880 च्या दशकातल्या स्वीडनमध्ये असे काही नव्हते. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्येच आट्यांचे प्रमाण मांडले होते आणि तिथून येणारी यंत्रे त्या मापाची असत. स्वीडनचे स्वतःचे इंच वेगळे होते. त्यात सरकारने 1878 मध्ये मेट्रिक पद्धतीचा कायदा केला आणि बदलासाठी 10 वर्षांची मुदत दिली. शिवाय शेतावरच्या यंत्राचा नट हरवला, तर गावचा लोहार हाताने दुसरा ठोकून देई, तो त्याच्या अंदाजाचा.

परिणाम असा की योहान्सन यांना दुरुस्तीच्या प्रत्येक कामाला पान्यांचा ढीग घेऊन जावे लागे. आणि तो सगळा ढीग नेऊनही समोरच्या नटाला एकही पाना बरोबर बसेल याची खात्री नसे. यंत्र बंद, शेतकरी डोक्यावर उभा आणि हातातला पाना केसभर मोठा. हा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्याला पुढचे फार समजावून सांगावे लागणार नाही.

आधी उत्तर निघाले पाइपसाठी. वेगवेगळ्या जाडीचे पाइप धरणाऱ्या पाइप पान्याचे पेटंट योहान्सन यांनी 1888 मध्ये घेतले. पाठोपाठ, 1892 पर्यंत, नटांसाठीच्या स्क्रू पान्याचे पेटंटही त्यांच्या नावावर झाले.

त्यांच्या पान्यात नवे काय होते?

जबडा सरकवण्याची कल्पना योहान्सन यांची नव्हती, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. अमेरिकेत लोरिंग कोज यांनी 1841 मध्ये ज्याचे पेटंट घेतले तो मंकी पाना तेव्हा वापरात होता. इंग्लंडमध्ये रिचर्ड क्लायबर्न यांचा पानाही त्याच दशकातला. इंटरनेटवर योहान्सन यांना सरसकट या पान्याचे जनक म्हटले जाते, ते तितकेसे खरे नाही.

पण मंकी पाना हातोडीसारखा असतो. त्याचे जबडे दांड्याला काटकोनात, डोके जड, आणि फिरवायला ऐसपैस जागा हवी. यंत्राच्या पोटातल्या नटापर्यंत तो पोहोचतच नाही. योहान्सन यांनी जबडे दांड्याच्या रेषेत पुढे आणले, त्यांना थोडा कल दिला आणि डोके सपाट, आटोपशीर ठेवले. एक जबडा दांड्याशी अखंड, दुसरा खाचेत सरकणारा. सरकणाऱ्या जबड्याच्या खाली दाते, आणि त्या दात्यांत अडकलेला एक छोटा आट्यांचा रूळ. अंगठ्याने रूळ फिरवला की जबडा पुढे-मागे होतो. पाना ज्या हातात आहे त्याच हाताने माप बदलते, दुसरा हात मोकळा राहतो.

खरी गंमत त्या रुळाच्या आट्यांत आहे. त्यांचा उतार इतका कमी असतो की रूळ फिरवला तर जबडा सरकतो, पण जबड्यावर कितीही जोर आला तरी त्या जोराने रूळ उलटा फिरत नाही. त्यामुळे वेगळी कळ किंवा खटका न लावता पाना आपल्या मापावर टिकून राहतो. इंजिनीअरिंगला हे यंत्रशास्त्राच्या तासाला आकृती काढून शिकवतात. योहान्सन कोणत्याही तासाला बसले नव्हते.

जबड्याच्या कलाचाही फायदा आहे. आजच्या पान्यांत तो सहसा 15 अंश असतो. षटकोनी नट अडचणीत असेल आणि पाना 60 अंश फिरायला जागा नसेल, तर 30 अंश फिरवून पाना उलटा करायचा आणि पुन्हा लावायचा. काम होते.

मेकॅनिक या पान्याला नाके का मुरडतात?

कारण तो चुकीचा वापरला तर नटाचे कोपरे गोल होतात. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये आम्हाला पहिलीच सूचना होती की फिक्स पाना असेल तर स्क्रू पान्याला हात लावू नका. मी लावला, आणि माझ्या सायकलच्या मागच्या चाकाचा नट गोल करून बसलो. दोष माझा होता. रूळ घट्ट फिरवून जबडा नटाला चिकटवायला हवा, आणि पाना हलत्या जबड्याच्या बाजूला ओढायला हवा, म्हणजे मुख्य भार अखंड जबड्यावर येतो. उलट बाजूला जोर लावला तर सगळा ताण त्या छोट्या दात्यांवर जातो. स्वस्त पान्यात हेच दाते आधी झिजतात आणि जबडा हलायला लागतो. दर्दी लोक या पान्याच्या ब्रँडबाबत इतके हट्टी असतात, ते यामुळे.

मग पान्यावर नाव दुसऱ्याचे कसे आले?

एनशॉपिंगच्या वर्कशॉपमध्ये पाना बनवणे एक, आणि तो जगात विकणे दुसरे. बर्न्ट ऑगस्ट योर्ट या व्यापाऱ्याने 1889 मध्ये स्टॉकहोममध्ये बी. ए. योर्ट अँड कंपनी काढली होती. 1890 मध्ये योहान्सन यांनी या कंपनीशी विक्रीचा करार केला. योर्ट यांच्या नावाचे स्पेलिंग इंग्रजी ‘एच’पासून सुरू होते. त्यामुळे बी, ए, एच आणि कंपनीचे ‘को’ मिळून व्यापारचिन्ह तयार झाले, ते बाहको. पाना योहान्सन यांचा, शिक्का योर्ट यांचा.

आपल्याला हे अन्यायाचे वाटू शकते. मला तसे वाटत नाही. हत्यार घेणारा बनवणाऱ्याला कधीच भेटत नाही, तो शिक्क्यावर भरवसा ठेवतो, आणि तो भरवसा देशोदेशी पोहोचवण्याचे काम योर्ट यांच्या कंपनीने केले. डेन्मार्कमध्ये तर या पान्याला आजही ‘स्वीडिश चावी’ अशा अर्थाचा शब्द आहे. तिथे दोघांचीही नावे मागे पडली आणि देशाचे तेवढे उरले.

याच योर्ट यांच्या कंपनीने विकलेली आणखी एक वस्तू आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात होती, ती म्हणजे प्रायमस स्टोव्ह. पंप मारायचा, पिन घालायची आणि निळी ज्योत धरायची, तोच. स्वीडनमध्ये तयार झालेल्या या स्टोव्हच्या विक्रीचे हक्क योर्ट यांच्याकडे होते.

योहान्सन यांचे पुढे काय झाले?

1916 मध्ये, साठी उलटल्यावर, त्यांनी आपला कारखाना योर्ट यांच्या कंपनीला देऊन टाकला. आता निवृत्ती, असे कोणालाही वाटले असते. पण तीनच वर्षांनी, 1919 मध्ये, त्यांनी मुलगा हान्नेस ब्रिंगे याच्यासह ट्रिप्लेक्स नावाची नवी कंपनी काढली, तीही एनशॉपिंगमध्येच. या वेळी विषय विजेच्या दिव्यांचा होता. कामाच्या टेबलावर हवा तसा वळवता येणारा, हवा तिथे थांबणारा दिवा त्यांनी तयार केला. हवे तितके सरकवा आणि हात काढला तरी जागचे हलू नये, ही पान्यातली ओढ इथेही दिसते. आयुष्यभरात त्यांच्या नावावर 100 हून अधिक पेटंट झाली. 25 ऑगस्ट 1943 रोजी, वयाच्या 89 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आज बाहको कोणाची आहे?

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बाहकोची हत्यारे स्वीडनच्याच सँडविक या कंपनीकडे गेली आणि 1999 मध्ये अमेरिकेच्या स्नॅप-ऑनने तो व्यवसाय विकत घेतला. स्नॅप-ऑनची सुरुवात 1920 मधली. जोसेफ जॉन्सन यांनी पाच दांडे आणि त्यावर अदलाबदल करता येणाऱ्या दहा गोट्या, असा संच बाजारात आणला, आपल्या गॅरेजमधल्या गोटी पान्याचा पूर्वज. पान्यांचे ओझे कमी करायचे, हा प्रश्न दोघांचा एकच. एकाने जबडा बदलता ठेवला, दुसऱ्याने टोक. योहान्सन आणि जॉन्सन ही आडनावेही एकाच अर्थाची, ‘जॉनचा मुलगा’.

महाराष्ट्रालाही स्वीडनच्या या कारागिरीचा धागा आहे. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेल्या टपारिया टूल्सने 1969 मध्ये हातहत्यारे बनवायला सुरुवात केली, ती स्वीडनच्या एका कंपनीचे तांत्रिक सहकार्य घेऊन. आपल्याकडच्या पेटीत टपारियाचा स्क्रू पाना असेल, तर त्याचा रूळ एकदा अंगठ्याने फिरवून पाहा.