अपुऱ्या यंत्रांचा धनी

नवा संगणक घरी आणावा आणि तो पुरता हाताळून होण्याआधीच त्याहून वेगवान संगणकाची स्वप्ने पाहू लागावे, अशी यंत्रवेडी माणसे आज घरोघरी आढळतात. संगणक नावाची वस्तू जगात नव्हती, त्या काळात या जातीचा एक माणूस लंडनमध्ये होऊन गेला. चार्ल्स बॅबेज हे त्याचे नाव. संगणकाचा जनक म्हणून तो आपल्याला ठाऊक असतो. मात्र ज्या यंत्रांनी त्याला ही कीर्ती मिळवून दिली, त्यांपैकी एकही त्याच्या हयातीत पूर्ण झाले नाही.

२६ डिसेंबर १७९१ रोजी लंडनमधील एका सधन बँकरच्या घरी बॅबेजचा जन्म झाला. हाती आलेले खेळणे उघडून त्याच्या पोटात काय आहे, हे पाहण्याची खोड त्याला लहानपणापासून होती. पाण्यावर चालता यावे म्हणून त्याने पायांना बांधायच्या फळ्यांचे एक साधन बनवले आणि ते घेऊन डार्ट नदीत उतरल्यावर जीव जाता जाता वाचला. एकदा आई त्याला मर्लिन नावाच्या कारागिराची यंत्रे दाखवायला घेऊन गेली. तेथे फूटभर उंचीची, चांदीची एक नर्तकी होती. तिच्या बोटावर बसलेला पक्षी शेपटी हलवी, चोच उघडी. ती बाहुली त्या मुलाच्या मनात कायमची घर करून राहिली.

केंब्रिजमध्ये गणिताचे शिक्षण घेतल्यावर तो लंडनला स्थायिक झाला. १८२१ साली मित्र जॉन हर्शेल याच्यासमवेत तो खगोलशास्त्रातील आकडेमोडीचे कागद तपासत होता. पानोपानी चुका सापडत गेल्या. हे काम वाफेच्या बळावर करता आले तर किती बरे, असा उद्गार त्याच्या तोंडून निघाला आणि आयुष्याला दिशा मिळाली. त्या काळी नाविक, विमा कंपन्या, अभियंते हे सारे छापील कोष्टकांवर विसंबून असत. गणित करताना, नक्कल करताना, खिळे जुळवताना, कोठेही चूक होऊ शके आणि एका चुकीच्या आकड्यावर जहाजाचे भवितव्य ठरू शके.

बॅबेजने वापरलेली युक्ती साधी होती. १, ४, ९, १६ हे वर्ग घेतले तर त्यांच्यातील फरक ३, ५, ७ असे येतात आणि त्या फरकांतील फरक सदैव २ राहतो. म्हणजे गुणाकार न करता, नुसत्या बेरजा करीत पुढचे सारे वर्ग मिळवता येतात. बेरीज तर दंतचक्रेही करू शकतात! या तत्त्वावर आधारलेल्या ‘डिफरन्स इंजिन’साठी सरकारने १८२३ साली अर्थसाहाय्य मंजूर केले. जोसेफ क्लेमंट या निष्णात कारागिराकडे काम सोपवण्यात आले. यंत्राला सुमारे २५ हजार सुटे भाग लागणार होते आणि ते अचूक बनवण्यासाठी आधी हत्यारेच नव्याने घडवावी लागत होती.

याच सुमारास, १८२७ साली, वडील, पत्नी जॉर्जियाना आणि दोन अपत्ये असे चौघे एका वर्षात गेले. खचलेला बॅबेज युरोपच्या प्रवासाला निघून गेला. परतल्यावर त्याने स्वतःला पुन्हा कामात गाडून घेतले. १८३२ साली यंत्राचा एक छोटा भाग जुळून तयार झाला आणि तो बिनचूक चालला. परंतु पुढच्याच वर्षी पैशांवरून क्लेमंटशी बिनसले आणि काम थांबले ते थांबलेच.

डॉर्सेट स्ट्रीटवरील त्याच्या घरी शनिवारच्या मैफलींना चार्ल्स डार्विन, ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्यासारखी मंडळी येत. बालपणीची ती चांदीची नर्तकी १८३४ साली लिलावात निघाली, तेव्हा बॅबेजने ती ३५ पौंडांना घेतली, स्वतः दुरुस्त केली आणि दिवाणखान्यात मांडली. एका दालनात नर्तकी, दुसऱ्यात गणनयंत्राचा तुकडा. पाहुण्यांची गर्दी नर्तकीभोवती होई आणि यजमानाला त्याचे शल्य वाटे.

त्याच वर्षी त्याला त्याहून मोठी कल्पना सुचली. एकाच प्रकारची आकडेमोड करणारे यंत्र कशाला? जे सांगाल ते गणित करणारे यंत्र का नको? या ‘ॲनालिटिकल इंजिन’मध्ये संख्या साठवण्याचे कोठार वेगळे होते, गणित करणारी ‘गिरणी’ वेगळी होती आणि आज्ञा देण्यासाठी जॅकार्डच्या मागावरील छिद्रांची पत्रे होती. आजच्या संगणकाची मांडणी ती हीच. १८४३ साली एडा लव्हलेस हिने या यंत्रावरील लेखाचे भाषांतर करून त्याला मूळ लेखाहून मोठ्या टिपा जोडल्या आणि हे यंत्र आकड्यांपलीकडेही जाऊ शकेल, हे ओळखले.

पण जुने अपुरे असताना नव्याची भाषा करणाऱ्यावर सरकारने विश्वास का ठेवावा? सतरा हजार पौंडांहून अधिक रक्कम खर्ची पडल्यावर १८४२ साली सरकारने हात झटकले. बॅबेज मात्र थांबला नाही. रेल्वेच्या डब्यात उपकरणे बसवून त्याने हादरे कागदावर नोंदवले, डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन बनवले, दीपगृहांसाठी सांकेतिक प्रकाशाची योजना आखली. १८४९पर्यंत डिफरन्स इंजिनचा दुसरा, अधिक सुटसुटीत आराखडाही पूर्ण केला. तोही कागदावरच राहिला.

उत्तरायुष्यात रस्त्यावरच्या बाजावाल्यांशी त्याचे हाडवैर जडले. त्यांच्याविरुद्ध १८६४ साली कायदा झाला, त्यामागे त्याची खटपट होती. त्या बाजाचे सूर खुंट्या ठोकलेल्या फिरत्या नळकांड्यातून निघत. बॅबेजच्या ॲनालिटिकल इंजिनाचे अंतर्गत नियंत्रणही तशाच नळकांड्यांवर सोपवलेले होते! १८ ऑक्टोबर १८७१ रोजी तो निवर्तला, तेव्हा मागे उरले ते यंत्रांचे तुकडे आणि आराखड्यांचे भारे.

ही यंत्रे चालली असती का, हा प्रश्न शतकाहून अधिक काळ लोंबकळत राहिला. लंडनच्या सायन्स म्युझियमने बॅबेजच्या काळी शक्य होती तेवढ्याच अचूकतेचे भाग बनवून डिफरन्स इंजिनचा दुसरा आराखडा प्रत्यक्षात आणला. १९९१ साली, त्याच्या द्विशताब्दीच्या वर्षी, ते यंत्र बिनचूक चालले. पुढे २००२ साली त्याचा छपाईचा भागही पूर्ण झाला. बॅबेजचे गणित बरोबर होते आणि त्याची चाकेही बरोबर होती. चुकले ते एवढेच की, हातातले यंत्र पुरे होईपर्यंत दुसऱ्याचा विचार दूर ठेवणे त्याला कधी जमले नाही. मात्र ते जमले असते, तर कदाचित आकडेमोडीचे एक उत्तम यंत्र जगाला मिळाले असते आणि संगणकाची कल्पना मात्र आणखी शंभर वर्षे कोणाला सुचली नसती.