पेस्टालॉझी

गुरुजींनीं सांगावें व मुलांनीं घोकावें, हीच अध्यापनाची रीत युरोपांतही शतकानुशतकें चालत आली होती. ती पालटण्यासाठीं ज्यानें आपलें आयुष्य वेंचलें, त्या योहान हाइन्रिख पेस्टालॉझीचा जन्म स्वित्झर्लंडांतील झुरिक शहरीं १२ जानेवारी १७४६ रोजीं झाला. पांच वर्षांचा असतांनाच त्याचें पितृछत्र हरपलें. आई व बाबेली नांवाची विश्वासू मोलकरीण ह्यांनीं त्यास वाढविलें.

व्यवहारांत हा मनुष्य अगदींच कच्चा. न्यूहोफ येथें केलेली शेती बुडाली. १७७४ मध्यें तेथेंच गरीब मुलांसाठीं काढलेली उद्योगशाळा १७८० मध्यें बंद पडली. पत्नी ॲना हिचें बरेंचसें धनही त्यांत गेलें.

१७९८ मध्यें फ्रेंच सैन्यानें स्टान्स गांवाची राखरांगोळी केली. तेथील सुमारें ८० अनाथ व निराधार मुलांचा सांभाळ करण्यास पेस्टालॉझी गेला. वय ५२, पुस्तकें नाहींत, मदतीस शिक्षक नाहीं. तो मुलांबरोबर जेवी, त्यांच्यांतच निजे, व मोठ्यांकडून धाकट्यांस शिकवी. जून १७९९ मध्यें लष्करी इस्पितळासाठीं ती जागाही गेली.

मग बुर्गडोर्फ येथें जोडे शिवणाऱ्या एका कारागिराच्या शाळेंत त्याला शिकविण्याची परवानगी मिळाली. परंतु धर्माची प्रश्नोत्तरावली पाठ करून न घेणारा हा कसला शिक्षक? नवे प्रयोग करावयाचे तर शहरांतील बड्या लोकांनीं ते स्वतःच्या मुलांवर करावे, असें गरीब पालक म्हणूं लागले, व त्यास तेथून निघावें लागलें. त्या पालकांस हंसण्याचें कारण नाहीं. त्यांचीं मुलें शाळेंत थोडेच दिवस टिकणार. तेवढेही वायां जावे असें कोणास वाटेल?

दुसऱ्या शाळेंत त्यानें तोच क्रम चालू ठेवला. भिंतीचें जुनें आच्छादन फाटलें होतें. त्यांत भोकें किती, कोणत्या आकाराचीं, कोठें, हें मुलांनीं स्वतः पाहून सांगावें. आधीं वस्तु, मग शब्द. गंमत ही कीं, तींच वाक्यें तो पुन्हां सर्वांकडून मोठ्यानें वदवून घेई. घोकंपट्टीची संवय तिच्या शत्रूलाही सुटली नव्हती! तरी १८०० च्या परीक्षेंत मुलांची प्रगति पाहून शाळासमितीनें त्याची प्रशंसा केली.

१८०५ पासून इव्हर्डन येथील त्याच्या विद्यालयाकडे देशोदेशींचे शिक्षक येऊं लागले. पुढें बालोद्यान काढणारा फ्रोबेल तेथें १८०८ ते १८१० पर्यंत होता. आपल्या मराठी शाळांतून चालत आलेले वस्तुपाठ हेही ह्याच पद्धतीचें, इंग्लंडमार्गें आलेलें, फळ.

सहकाऱ्यांच्या भांडणांनीं तें विद्यालय पोखरलें व १८२५ मध्यें बंद पडलें. पेस्टालॉझी न्यूहोफला परतला. १७ फेब्रुवारी १८२७ रोजीं ब्रुग येथें तो वारला, व बिर गांवच्या शाळेजवळ त्याचें दफन झालें.