नाथ पै

बॅरिस्टर नाथ बापू पै (२५ सप्टेंबर १९२२ – १८ जानेवारी १९७१) हे प्रजा समाजवादी पक्षाचे नेते व संसदपटू होते. वेंगुर्ल्यात जन्मलेले पै १९५७ पासून १९७० पर्यंत तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरचे लोकसभा सदस्य होते. पक्षाचे संख्याबळ तुटपुंजे असल्याने त्यांची भिस्त अभ्यास व वक्तृत्वावर होती. मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात दिला. तो अधिकार संसदेकडे परत आणण्यासाठी पै यांनी खासगी विधेयक मांडले. त्यावरून समाजवाद्यांतही मतभेद झाले. विरोधी बाकांवरील सदस्याचे विधेयक संयुक्त समितीपर्यंत पोहोचले, ही असाधारणच गोष्ट. मात्र ते संमत झाले नाही. पै यांच्या निधनानंतर त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने संसदेला तो अधिकार दिला.